वाचलेल्या युनिटला भाव द्या

एक एकर रानात एक इंच पाणी उभं करायचं, तर साधारण १ लाख लिटर पाणी लागतं. विहिरीतलं पाणी ६० फूट खाली असेल, तर ते वर आणायला लागणारी निव्वळ ऊर्जा होते ५ युनिट. कोणतंही यंत्र शंभर टक्के काम देत नाही. ते धरूनही चांगला पंप आणि नीट टाकलेली पाइपलाइन हे काम १० युनिटांत उरकते. आपल्या शिवारातली जळाल्यावर दोन-तीनदा वायंडिंग नव्याने भरून आणलेली मोटर, अडीच इंची पाइप आणि पाइपच्या तळाशी असलेला, गाळ धरलेला फुटव्हॉल्व्ह मिळून एवढ्याच पाण्याला २० युनिट खातात, कधी २५. वरची दहा-पंधरा युनिटं पिकाच्या मुळाशी पोचतच नाहीत. मोटरच्या तापण्यात आणि पाइपच्या आतल्या घर्षणात ती संपतात. ती तयार करताना मात्र चंद्रपूरला किंवा कोराडीला दर युनिटमागे जवळपास पाऊण किलो कोळसा जळालेला असतो आणि त्याची राख तिथल्या लोकांच्या दारात पडलेली असते.

महाराष्ट्रात ऊर्जेच्या धोरणावर चर्चा निघाली की ती मेगावॅटची होते. किती हजार मेगावॅट सौर, किती पवन, कोणत्या जिल्ह्यात किती जमीन. विहिरीच्या काठावर रोज वाया जाणाऱ्या युनिटाबद्दल बोलायला कोणी उभं राहत नाही, कारण त्या युनिटाचं उद्घाटन करता येत नाही. माझं म्हणणं असं, की शेतीपंपाच्या विजेत बचत झाली तर ती राज्यातली सर्वांत स्वस्त वीज ठरेल, आणि ती हाती न येण्याचं कारण शेतकऱ्याचा निष्काळजीपणा नाही. आपण वापरलेल्या युनिटाचे पैसे भरतो आणि वाचलेल्या युनिटाची किंमत शून्य धरतो, हे ते कारण आहे.

जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना जाहीर केली. साडेसात एचपीपर्यंतच्या ४४ लाखांहून अधिक शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षं वीज मोफत. सरकारने त्यासाठी धरलेला खर्च वर्षाला १४,७६० कोटी रुपये. भागाकार केला की एका पंपामागे वर्षाला सुमारे साडेतेहतीस हजार रुपये येतात. थोडं इकडेतिकडे धरून एवढ्या रकमेत पाच एचपीचा चांगला, स्टार लावलेला पंप बाजारात मिळतो. एका वर्षाच्या वीज अनुदानात एक नवा पंप! आणि हे अनुदान पाच वर्षं, दर वर्षी जाणार आहे.

इथेच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी मोफत विजेच्या विरोधात लिहीत नाही. कालव्याखालच्या शेतकऱ्यासाठी धरण सरकारने बांधलं, कालवा सरकारने काढला, आणि त्याची पाणीपट्टी त्या खर्चाच्या जवळपासही जात नाही. विहिरीवरच्या शेतकऱ्याने खड्डा स्वतःच्या कर्जाने खणला, पाणी लागेल की नाही ही जोखीम स्वतः घेतली. त्याला विजेची सवलत मिळत असेल, तर ती कालव्याच्या पाण्याइतकीच न्याय्य आहे. शहरात बसून ‘फुकट वीज बंद करा’ म्हणणाऱ्यांनी आधी हा हिशोब मांडावा. माझा आक्षेप सवलतीच्या रकमेला नाही, ती ज्या वाटेने दिली जाते त्या वाटेला आहे.

सोलापूर जिल्ह्यात माझ्या मामांची साडेचार एकर जमीन आहे. डाळिंब, थोडा मका, कडेला गुरांसाठी घास. विहिरीवर पाच एचपीची मोटर. तीन एचपीची पुरली असती, हे मामांनाही ठाऊक आहे. मग पाचची का, असं मी एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी मला रात्री साडेअकरा वाजता विहिरीवर नेलं. शेतीची लाइट आठवडाभर दिवसा आणि आठवडाभर रात्री अशी येते. रात्रपाळीचा आठवडा होता. त्यांच्या डीपीवर, म्हणजे रानातल्या ट्रान्सफॉर्मरवर, तेरा-चौदा मोटरी, आणि प्रत्येक स्टार्टरला लाइट येताच मोटर आपोआप चालू करणारा ऑटो लावलेला. लाइट आली तशा सगळ्या मोटरी एका क्षणात उठल्या. चालू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, त्यामुळे चारशेच्या वर हवा असलेला व्होल्टेजचा काटा सव्वातीनशेच्या खाली आला. मामांची मोटर कण्हल्यासारखा आवाज करत होती. डीपीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या शेजाऱ्याची तर उठलीच नाही.

व्होल्टेज कमी झालं की मोटर तेवढंच काम करायला जास्त करंट घेते, तापते, आणि एक दिवस जळते. मग ती काढायची, गाडीवर टाकून तालुक्याला न्यायची, भरून आणायची. भर उन्हाळ्यात चार दिवस पाणी बंद राहिलं तर बहर गळतो. भरलेली मोटर पहिल्यासारखी राहत नाही, दर खेपेला तिची कार्यक्षमता थोडी उतरते. म्हणून शेतकरी जाड वायंडिंगची, स्थानिक बनावटीची, कमी व्होल्टेजलाही तग धरणारी मोटर निवडतो, आणि गरजेपेक्षा मोठी निवडतो, म्हणजे मिळालेल्या आठ तासांत, त्यातही लाइट चार वेळा गेली तरी, पाळी पुरी व्हावी. स्टारवाला पंप वीज कमी घेतो खरा, पण त्याला धड व्होल्टेज लागतं. ते देण्याची हमी कोणी देत नाही. मामांचा निर्णय त्यांच्या जागेवरून पाहिला तर पूर्ण शहाणपणाचा आहे. त्यांच्या डीपीवरच्या चौदाही जणांचे निर्णय असेच शहाणपणाचे आहेत, आणि त्या सगळ्यांचा मिळून परिणाम म्हणजे डीपी जळणं. डीपी जळली की पुन्हा आठ-दहा दिवस सगळ्यांचंच पाणी बंद.

ही गाठ फार जुनी आहे. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी शेतीपंपांचे मीटर सोडून एचपीवर बिल आकारायला सुरुवात केली. लाखो विहिरींवर जाऊन रीडिंग घेण्यापेक्षा ते सोपं होतं. त्याच दिवशी शेतकऱ्याच्या दृष्टीने पुढच्या युनिटाची किंमत शून्य झाली. आज बिल माफ झालं म्हणून त्यात मोठा फरक पडलेला नाही, हे ध्यानात घ्यायला हवं. मीटर गेल्याचा दुसरा परिणाम अधिक वाईट झाला. शेतीला नक्की किती वीज जाते, हे कोणालाच मोजून सांगता येईना, म्हणून अंदाज सुरू झाले. गळती आणि चोरीतली काही वीज शेतीच्या नावावर जमा होत गेली. राज्य वीज नियामक आयोगाने नेमलेल्या अभ्यासगटाच्या कामानंतर आयोगाला २०२० च्या दरनिश्चितीत शेतीच्या वापराचे आकडे नव्याने मांडावे लागले. म्हणजे इतकी वर्षं शेतकऱ्याला ‘फुकटा’ म्हणून जी बोलणी खावी लागली, त्यातला काही भाग त्याने कधी न वापरलेल्या विजेचा होता. या गोष्टीचा मला मनापासून राग येतो.

बचत कशी घडते, हे देशाला माहीत नाही असंही नाही. २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा झाला, २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो आला, २००६ पासून फ्रिज-एसीवर स्टार दिसू लागले. एलईडी दिव्याची कहाणी तर डोळ्यांसमोर घडली. २०१४ मध्ये सरकारी कंपनी ईईएसएलने घाऊक खरेदी सुरू केली तेव्हा एका दिव्याला ३१० रुपये मोजावे लागले, २०१६ मध्ये तोच दिवा ३८ रुपयांवर आला. २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेतून ३६ कोटींहून अधिक दिवे घरोघर गेले. हे जमलं, कारण दिवा विकत घेणारा आणि बिल भरणारा माणूस एकच होता. दिवा बदलला की पुढच्या महिन्यात त्याच्या हातात पैसे राहत होते. पंपाच्या बाबतीत पंप घेणारा शेतकरी, बिल भरणारं सरकार, आणि व्होल्टेज राखण्याची जबाबदारी महावितरणची. तिघांपैकी एकाने सुधारणा केली तर फायदा दुसऱ्याला होतो. म्हणून कोणीच करत नाही.

तरी एकदा करून पाहिलं गेलं होतं, आणि तेही आपल्याच राज्यात. शेतीपंपांच्या कार्यक्षमतेचा देशातला पहिला पथदर्शी प्रकल्प ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने मंगळवेढा उपविभागात राबवला. सुमारे २,२०० जुने पंप काढून तिथे कार्यक्षम पंप बसवले. वर्षाला ६१ लाख युनिट वाचतील, असा हिशोब निघाला. एका पंपामागे पावणेतीन हजार युनिट. ज्वारीच्या कोठारासाठी आणि दुष्काळात कोठार उघडणाऱ्या दामाजीपंतांसाठी ओळखलं जाणारं हे गाव या प्रकल्पासाठी राज्यात का ओळखलं जात नाही, याचं मला नवल वाटतं. हा आकडा ४४ लाखांनी गुणणं बरोबर होणार नाही. कोकणातली विहीर वेगळी, जळगावच्या केळीच्या बागेतला बोअर वेगळा. पण मंगळवेढ्याच्या निम्मी बचत धरली तरी वर्षाला ६०० कोटी युनिट होतात. एवढी वीज नव्याने तयार करायची तर साडेतीन हजार मेगावॅटहून अधिक सौर प्रकल्प उभे करावे लागतील, आणि त्यांना पंधरा हजार एकरांच्या आसपास जमीन लागेल.

इथे जाणकार एक शंका घेतात, आणि ती रास्त आहे. पाच एचपीची जुनी मोटर काढून पाच एचपीचीच नवी बसवली, तर वीज वाचणार नाही. ऑटो लावलेलाच आहे, लाइट आठ तास आहे, मोटर आठ तास चालणार. वीज जवळजवळ तेवढीच, पाणी मात्र जास्त. विहीर लवकर तळाला जाईल, मग शेजारी बोअर घेईल, तो आटला की आणखी खोल जाईल. महाराष्ट्राचा चार-पंचमांश भाग काळ्या पाषाणावर वसलेला आहे. त्यात पाणी साठतं ते भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरात, तेही थोडंच. पंजाबच्या गाळाच्या जमिनीसारखा तो अथांग साठा नाही. म्हणून आपल्याकडे पंपाची कार्यक्षमता पाण्यापासून वेगळी काढून बोलताच येत नाही. नवा पंप कमी एचपीचा असायला हवा, आणि पाणी कमी उपसल्याचा शेतकऱ्याला थेट लाभ दिसायला हवा. या दोन अटींशिवाय पंपवाटप म्हणजे भूजल संपवण्याचा कार्यक्रम होईल.

सौर ऊर्जेलाही मी हीच कसोटी लावतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी ही तिची पहिली ठिकाणं. २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला, आणि पुढे तिचं लक्ष्य १६ हजार मेगावॅटपर्यंत वाढलं. गावाजवळच्या उपकेंद्राशेजारी छोटा सौर प्रकल्प, त्यातून थेट शेतीच्या फीडरला, म्हणजे उपकेंद्रातून शेतीपंपांकडे जाणाऱ्या वाहिनीला, दिवसा वीज. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा ३ मेगावॅटचा प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला. जमीन देणाऱ्याला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडं आहे आणि वीज पडते युनिटला तीन रुपयांच्या आसपास. ही कल्पना मला मनापासून पटते. जुन्नर-शिरूरकडे बिबट्याच्या भीतीने जीव मुठीत धरून रात्री दारं धरायला जाणाऱ्या माणसाला दिवसाची लाइट म्हणजे काय, हे शब्दांत सांगता येणार नाही. तेवढ्या एका कारणासाठीही ही योजना व्हायला हवी.

पण हे सगळे मेगावॅट मोजले गेले आहेत ते आजच्या मोटरींच्या भुकेवर. वीस युनिट खाणारा पंप तसाच ठेवून आपण त्याच्यासाठी वीस युनिटांची पॅनेल उभी करतो आहोत. दहा युनिटांत काम भागलं असतं, तर पॅनेल निम्मी लागली असती, जमीन निम्मी, आणि उरलेली वीज गावातल्या पिठाच्या गिरणीला, दूध शीतकरणाला, शाळेला देता आली असती. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ या योजनेत शेतकऱ्याने दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के भरायचे आणि स्वतंत्र सौर पंप घ्यायचा. जिथे लाइन पोचलेली नाही, तिथे हे वरदान आहे. जिथे लाइन आहे तिथे मात्र पावसाळ्यात, कापणीनंतर, पाणी आटल्यावर ती पॅनेल महिनोन्‌महिने उन्हात नुसती उभी राहतात, आणि वीज विकता येत नाही म्हणून शेतकऱ्याला ऊन आहे तोवर पाणी उपसत राहणंच फायद्याचं वाटतं.

गुजरातच्या खेडा जिल्ह्यात ढुंडी नावाचं गाव आहे. तिथल्या थोड्या शेतकऱ्यांनी सौर पंप ग्रिडला जोडून सहकारी मंडळी काढली. पाणी दिल्यावर उरणारी वीज ते वीज कंपनीला विकतात. पाणी वाया घालवणं म्हणजे विकता येणारा माल ओतून देणं, हे तिथे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पंजाबने २०१८ मध्ये ‘पानी बचाओ, पैसा कमाओ’ ही योजना निवडक फीडरवर सुरू केली. पंपाला विजेचा ठरावीक कोटा, त्याहून कमी वापरली तर वाचलेल्या दर युनिटामागे ४ रुपये शेतकऱ्याच्या खात्यात. कोट्याहून जास्त वापरली तरी बिल नाही. सामील होणं ऐच्छिक. फुकट वीज काढून न घेता युनिटाला किंमत कशी देता येते, याचा याहून सरळ नमुना मला माहीत नाही.

महाराष्ट्रात हे जसंच्या तसं आणू नये असं मला वाटतं, कारण आपल्याकडे विहिरीवर मीटर म्हटलं की माणसं बिथरतात, आणि त्यांचं चुकत नाही. चुकीच्या रीडिंगची, न वापरलेल्या विजेची बिलं त्यांनी पाहिलेली आहेत. आज मीटर, उद्या बिल, ही शंका त्यांनी अनुभवातून कमावली आहे. म्हणून मीटर विहिरीवर न लावता डीपीवर लावावा. एका डीपीवरचे बारा-पंधरा शेतकरी हा गट धरावा. त्या गटाला आधी महावितरणने लेखी हमी द्यावी: दिवसाची वीज, ठरलेल्या वेळी, शेवटच्या मोटरीला पुरेसं व्होल्टेज. डीपी जळाली तर किती दिवसांत बदलून मिळेल, आणि न मिळाल्यास गटाला काय भरपाई, हेही त्यातच. ही हमी सहा महिने पाळून दाखवावी. त्यानंतरच कमी एचपीचा कार्यक्षम पंप, प्रत्येक मोटरीला लाइनवरचा करंटचा भार कमी करणारा कॅपॅसिटर आणि जिथे गरज आहे तिथे रुंद पाइप सरकारी खर्चाने द्यावेत. पाइपची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण तेवढंच पाणी अडीच इंचीऐवजी तीन इंची पाइपातून नेलं, तर घर्षणातली हानी निम्म्याहूनही कमी होते. कॅपॅसिटर तर असा, की चौदांपैकी एकट्याने लावून काही उपयोग नाही, सगळ्यांनी लावला तर डीपीचं दुखणं खूपसं बरं होतं. म्हणूनही एकेकटा शेतकरी सोडून गट धरायचा.

मग गटाने वाचवलेल्या युनिटांचे पैसे गटाला. सौर वाहिनीची वीज जर तीन रुपयांना घ्यायची तयारी आहे, तर न लागलेल्या युनिटाला तीन रुपये द्यायला हरकत काय? ते पैसे गटाने वाटून घ्यावेत, ठिबकला लावावेत, विहिरीचा गाळ काढावा, त्यांची मर्जी.

अशी गटाची शिस्त आपल्या माणसांना जमत नाही, असं कोणी म्हणेल तर त्याने धुळे-नाशिककडची, बंधाऱ्याचं पाणी शेतकऱ्यांनीच मिळून वाटून घेण्याची फड पद्धत आठवावी. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७०च्या दशकातल्या दुष्काळानंतर उभी केलेली पाणी पंचायत आठवावी. तिथे पाण्याचा वाटा जमिनीच्या आकारावर न ठरता घरातल्या माणसांच्या संख्येवर ठरत होता. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली आणि दर वर्षी पावसावरून पाण्याचं अंदाजपत्रक मांडायला सुरुवात केली. ज्या राज्यात हे घडलं, तिथे चौदा शेतकरी एका डीपीचा हिशोब ठेवू शकणार नाहीत, हे मला मान्य नाही. त्यांच्यावर विश्वास टाकण्याची पाळी या खेपेला सरकारची आहे.

मोफत वीज योजनेच्या निर्णयातच तीन वर्षांनी आढावा घेण्याची तरतूद आहे, म्हणजे तो २०२७ मध्ये व्हायला हवा. त्या वेळी किती शेतकऱ्यांना लाभ झाला आणि किती कोटी दिले, एवढेच आकडे समोर येऊ नयेत. एका युनिटात किती लिटर पाणी निघालं, डीपीच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज किती होतं, वर्षात किती मोटरी आणि किती डीपी जळाल्या, हे तालुकावार मांडलं जावं. १४,७६० कोटींपैकी निदान पाच टक्के, म्हणजे सव्वासातशे कोटींच्या वर रक्कम, पंप, पाइप आणि वाचलेल्या युनिटांच्या मोबदल्यासाठी दर वर्षी बाजूला काढावी. सुरुवात मंगळवेढ्यातच करावी. दीड दशकापूर्वी बसवलेल्या त्या पंपांपैकी किती अजून चालतात, किती भरून आणावे लागले, हे तिथल्या विहिरींवर जाऊन विचारणं हेच पहिलं काम ठरेल.

मामांना मी ही कल्पना सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “होल्टेज धड येणार असंल तर तीनची बसवतो की. पण पयलं होल्टेज, मग मोटर.” सध्या त्यांच्या विहिरीवर पाचचीच मोटर आहे. या उन्हाळ्यात ती चौथ्यांदा भरून आणली.